नंबर भोसरीचा, गाळा चाकणला

मे महिन्याच्या सुट्टीत मामूंचा फोन आला. "तुझी जबान साफ आहे. उर्दू पण शिकवतोस, मराठी पण. एक दिवस ये आणि दोन ओळी बोलून जा." मला वाटले, कुणाच्या तरी वलीम्यात सूत्रसंचालन करायचे असेल. चाकणला पोहोचल्यावर कळले की काम वेगळेच होते. मामूंच्या कारखान्याचा फोन तांब्याच्या तारेवरून इंटरनेटवर जात होता, आणि "ऑर्डरसाठी एक दाबा, हिशोबासाठी दोन दाबा" असे सांगणारा आवाज त्यांना माझा हवा होता.

कारखाना म्हणजे फार मोठे काही डोळ्यांसमोर आणू नका. दोन सीएनसी, तीन जुने लेथ, एक ड्रिल मशीन आणि चौदा माणसे. मोठ्या कंपन्यांना माल देणारे जे मधले पुरवठादार असतात, त्यांचे टर्निंगचे जॉब मामू करतात. तीस-बत्तीस वर्षे हे सगळे भोसरीच्या एमआयडीसीत एका भाड्याच्या गाळ्यात चालले. मूळ मालक वारले, मुलांनी जागा विकली. तशीही बरीचशी गिऱ्हाइके चाकणकडे सरकलेली होती. तेव्हा मामूंनीही पुणे-नाशिक रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटर पुढे बिऱ्हाड हलवले. मशीन ट्रेलरवर चढली, माणसे दुचाक्यांवरून आली. फोन नंबर मात्र यायला तयार नव्हता.

कारण साधे आहे. भोसरी, पिंपरी, चिंचवड हे सगळे पुण्याच्या ०२० या कोडमध्ये येते आणि तिथले जुने नंबर २७ ने सुरू होतात. चाकण पडते खेड तालुक्यात, त्याचा कोड ०२१३५. टेलिफोनच्या नकाशावर हे दोन वेगळे मुलूख आहेत. एकेकाळी भोसरीतून चाकणला फोन लावायचा तर आधी ९५ दाबावे लागे. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी तोच ठेवण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. लँडलाइनला ती नाही. मुलूख बदलला की नंबर गेला.

"जाऊ द्या ना मामू, आता लँडलाइन कोण वापरतो?" असे मी म्हणालो आणि चूक केली. मामू काही वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गाळा भाड्याचा होता. मशीन बँकेची. आपला म्हणावा असा तो एक नंबर होता."

घरी परतल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मी भाषेचा मास्तर. टेलिफोनच्या इतिहासाशी माझा संबंध एवढाच की उर्दूच्या तासाला पोरे 'फोन' म्हणतात, मराठीच्या तासाला मी सावरकरांच्या भाषाशुद्धीतला 'दूरध्वनी' फळ्यावर लिहितो आणि मधल्या सुट्टीत सगळेच 'कॉल कर' म्हणतात. पण या निमित्ताने वाचत गेलो, आणि लक्षात आले की मामूंचे दुखणे टेलिफोनइतकेच जुने आहे.

ग्रॅहम बेलने १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट घेतले आणि सहाच वर्षांनी, जानेवारी १८८२ मध्ये, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे एक्स्चेंज सुरू झाली. कलकत्त्याच्या पहिल्या एक्स्चेंजला अवघे ९३ ग्राहक होते. तेव्हा नंबर फिरवायचा नसे. फोन उचलायचा, एक्स्चेंजमधल्या माणसाला "अमक्याला जोडा" म्हणायचे. कुणाला कुणाशी जोडायचे हे त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हातात.

ही खुर्ची रिकामी कुणी केली? अमेरिकेतल्या अल्मन स्ट्राउजर नावाच्या एका छोट्या धंदेवाल्याने. त्याचा धंदा अंत्यविधीचे सामान पुरवण्याचा. असे सांगतात की त्याच्या गावच्या एक्स्चेंजवर बसणारी बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती, आणि कुणी स्ट्राउजरला मागितले तरी ती आपल्या नवऱ्याला जोडून द्यायची. किश्शात तिखटमीठ किती ते अल्लाह जाणे, पण पेटंट खरे आहे. १८९१ मध्ये त्याला स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियानातल्या ला पोर्ट गावात तसे पहिले एक्स्चेंज चालू झाले. आता मधला माणूस नको. नंबर फिरवा, यंत्र थेट जोडून देईल. आपल्याकडे असे पहिले यंत्र १९१३-१४ च्या सुमारास सिमल्यात बसले, साहेबांच्या उन्हाळी राजधानीत.

मला यातली गंमत वाटते ती अशी, की हा शोध एखाद्या मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला नाही. "माझे गिऱ्हाईक माझ्यापर्यंत पोहोचत नाही" या एका दुकानदाराच्या तक्रारीतून तो लागला. तिथून पुढे नंबर म्हणजे धंद्याचा दरवाजा झाला.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या माळरानावर प्लॉट पडू लागले. टेल्को आली, बजाज आली, आणि त्यांच्या भोवती सुटे भाग करणाऱ्या शेकडो शेड उभ्या राहिल्या. १९७० मध्ये या चार गावांची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. मराठवाडा, सोलापूर, नगर, कोकण आणि पुढे उत्तर प्रदेश, बिहारमधून माणसे आली. त्यांत आपलेही बरेच होते: फिटर, वेल्डर, टर्नर, मोल्डर. आमचे मामू सोलापूरकडून आयटीआय करून आलेले टर्नर. काही वर्षे नोकरी केली, मग एक जुना लेथ घेऊन स्वतःचे सुरू केले.

त्या काळात गाळा मिळायचा, लेथ मिळायचा, कामही मिळायचे. फोन मिळत नसे. अर्ज करून वर्षानुवर्षे थांबायचे. मामूंनी १९८६ मध्ये अर्ज केला आणि त्यांच्या गाळ्यात घंटी वाजली १९९२ मध्ये. मधली सहा वर्षे त्यांच्या लेटरहेडवर जो नंबर छापलेला असे त्यापुढे कंसात 'पी.पी.' लिहिलेले असायचे. आजच्या पोरांना हे ठाऊक नाही. पी.पी. म्हणजे फोन आमचा नाही, शेजाऱ्याचा आहे, निरोप मिळेल. मामूंचा शेजारी म्हणजे रस्त्यापलीकडचा एक मारवाडी हार्डवेअरवाला. कंपनीतून "उद्या सकाळी पाचशे नग पाहिजेत" असा फोन आला की त्याचा पोऱ्या रस्ता ओलांडून धावत येई. मामू आजही त्या दुकानदाराचे नाव अदबीने घेतात. दिवाळीला त्याच्याकडे मिठाई जायची, ईदला शीरखुर्मा. पण पर्चेसवाल्या साहेबांच्या नजरेत पी.पी.वाला तो पी.पी.वालाच. त्याला मोठी ऑर्डर कोण देणार?

म्हणून १९९२ मध्ये तो करड्या रंगाचा फोन आला तेव्हा मामूंनी पेढे वाटले. पुढच्या वर्षी टेलिफोनच्या डिरेक्टरीत कारखान्याचे नाव छापून आले. ते पान त्यांनी फाडून काचेखाली ठेवले होते. मी लहानपणी त्यावर बोट फिरवून वाचल्याचे आठवते. त्या नंबराच्या पुढचे-मागचे पुष्कळ बदलले. कोड ०२१२ चा ०२० झाला. सहा आकडे होते ते सात झाले, मग पुढे २ लागून आठ झाले. शेवटचे आकडे तेच राहिले. त्याच फोनच्या बिलावर बँकेत चालू खाते उघडले, गॅस आला, मामेभावाच्या पासपोर्टला पत्त्याचा पुरावा म्हणून तेच बिल लागले. २०१९-२० च्या हिवाळ्यात, जेव्हा घराघरांत जुनी कागदपत्रे शोधली जात होती, मामींनी लोखंडी पेटीतून जी पिशवी काढली तिच्यात नानांचा शाळेचा दाखला, जमिनीचा एक उतारा आणि टेलिफोनची बिले होती. रबर लावून, वर्षवार.

फोनचे बिल हा पुरावा का ठरायचा? कारण तार खरोखर त्या जागेपर्यंत आलेली असायची. एक्स्चेंजमधून निघालेली तांब्याची एक जोडी खांबावरून, जमिनीखालून येऊन तुमच्या भिंतीत शिरायची. नंबर त्या तारेचा होता आणि तार त्या भिंतीची. ती तारच फोनला वीजही द्यायची. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टची बॅटरी असते, तिच्यावर फोन चालतो. म्हणून वीज गेली तरी जुना लँडलाइन वाजायचा. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत सगळा गाळा अंधारात आणि फोन तेवढा जिवंत, असे मामूंकडे अनेकदा घडले आहे.

हे झाले तारेचे. आवाज इंटरनेटवर चढला तो दुसऱ्या वाटेने, आणि ती वाट आमच्यासारख्या घरांना ओळखीची आहे.

खालू दम्माममध्ये होते. ऐंशीच्या दशकात त्यांचा आवाज पोस्टाने यायचा, कॅसेटमध्ये. अर्धी कॅसेट खालू बोलायचे, उरलेल्या अर्ध्या भागात खाला, मुले आणि शेजारपाजारचे बोलून ती परत पाठवायचे. एकाच कॅसेटवर प्रश्न आणि दोन महिन्यांनी उत्तर. मग एसटीडी-आयएसडीचे पिवळे बूथ आले. एसटीडी म्हणजे ऑपरेटरशिवाय परगावी थेट फोन. देशात तो १९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झाला होता, पण गल्लीबोळात पोहोचला तो सॅम पित्रोदांच्या काळात. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था झाली, देशी बनावटीची छोटी डिजिटल एक्स्चेंज तयार झाली आणि बूथ नाक्यानाक्यावर आले. रात्री उशिरा दर कमी होत, म्हणून खाला जेवणे उरकून रांगेत उभ्या राहायच्या. आत काचेत लाल आकडे पळत असत आणि त्यांचे सगळे लक्ष त्या आकड्यांकडे. खालूंची तब्येत विचारायची राहून जायची.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. ते यायचे फोनच्या तारेवरून. त्याच वर्षी व्होकलटेक नावाच्या इस्रायली कंपनीने इंटरनेटवरून बोलण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आणले होते. आवाज जाळ्यावरून पाठवण्याचा प्रयोग त्याहून जुना. डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये अर्पानेटवर तो करून दाखवला होता. आपल्या सरकारला मात्र यात आयएसडीचे उत्पन्न बुडताना दिसत होते. १९९९ च्या दूरसंचार धोरणात स्पष्ट लिहिले होते की इंटरनेट टेलिफोनीला तूर्त परवानगी नाही. धोरण दिल्लीत, पोट दम्माममध्ये. कॅम्पातल्या एका सायबर कॅफेत आतल्या केबिनमध्ये बसून, कानाला हेडफोन लावून खाला खालूंशी बोलल्या आहेत. आवाज दोन सेकंदांनी पोहोचायचा, त्यामुळे दोघे एकदम बोलायचे आणि एकदम गप्प व्हायचे. पण आकडे पळत नव्हते. तब्येत विचारून झाली, पोरांच्या तक्रारी झाल्या आणि मग बराच वेळ दोघे नुसते एकमेकांचा श्वास ऐकत बसले, असे खाला सांगतात.

१ एप्रिल २००२ पासून सरकारने दार किलकिले केले. संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला. देशातल्या साध्या फोनला मात्र लावायचा नाही. गंमत पाहा, तिकडे आखातातही असाच कारभार होता. सौदी अरबने इंटरनेट कॉलवरची बंदी उठवली ती सप्टेंबर २०१७ मध्ये. आणि आपल्याकडे इंटरनेटवरून थेट कुठल्याही लँडलाइनला वा मोबाइलला फोन लावण्याची मोकळीक मिळाली २०१८ मध्ये. म्हणजे जे गरीब घरांनी चोरून वीस वर्षांपूर्वी सुरू केले होते, ते कारखान्यांना कायदेशीर व्हायला इतका वेळ गेला.

तंत्र काय आहे ते मामेभावाने मला एका कागदावर काढून दाखवले. तो मला भाई म्हणतो, पण या बाबतीत उस्ताद तोच. तांब्याच्या फोनवर तुम्ही बोलत असता तेव्हा इथपासून तिथपर्यंतचा रस्ता तुमच्यासाठी अडवून ठेवलेला असतो, तुम्ही गप्प बसलात तरी. इंटरनेटवर रस्ता कुणाचाच नसतो. आवाजाचे तुकडे करतात, एकेक तुकडा साधारण २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहून तो गर्दीत सोडून द्यायचा. पलीकडे ते क्रमाने जुळवायचे. तुकड्याला पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले तर बोलणाऱ्याला अडखळल्यासारखे वाटू लागते. खाला-खालूंचे तेच व्हायचे. एका बोलण्याला लागतात शंभरच्या आत किलोबिट. आजच्या फायबरला ते काहीच नाही.

आता या सगळ्यात कारखान्यातला तो भिंतीवरचा डबा कुठे गेला? ईपीएबीएक्स म्हणतात तो, ज्याने एका लाइनवर आठ टेबलांना इंटरकॉम मिळतो. तो आता सॉफ्टवेअर झाला आहे. आणि इथेही एक छोटा धंदेवालाच कारण आहे. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर नावाचा अमेरिकेतला एक विद्यार्थी लिनक्सची मदत पुरवणारी छोटी कंपनी चालवत होता. त्याला असा डबा हवा होता, किंमत परवडेना. त्याने संगणकावरच तो लिहून काढला, नाव ठेवले अस्टेरिस्क, आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकला. स्ट्राउजरनंतर शंभर वर्षांनी पुन्हा तीच गोष्ट.

मामूंच्या घरात मात्र या कागदावरून आठवडाभर वाद चालला. सगळ्यांकडे मोबाइल असताना हवे कशाला, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर मामूंकडेच होते. मोबाइल माणसाचा असतो. पूर्वी डिस्पॅच बघणारा एक मुलगा नोकरी सोडून गेला तेव्हा दोन गिऱ्हाइके त्याच्या खिशातून गेली होती, कारण ती त्याच्याच नंबरवर बोलायची. कारखान्याचा म्हणून एक नंबर पाहिजेच.

मग एक जण आला. कुणीतरी शिफारस केलेला, फोन-कॅमेरे बसवणारा. तो म्हणाला, काही खर्च नको, मी एक पेटी देतो. जुनी लाइन भोसरीतच कुणाच्या तरी घरी ठेवा, तिला ही पेटी लावा, दुसरीकडून इंटरनेट, तिसरीकडून दहा-वीस सिमकार्डे घाला, कॉल कुठूनही कुठेही फिरवा. मामू ऐकत होते. मामेभाऊ मध्येच उठला आणि त्याला चहा पाजून रवाना केला.

मी विचारले, का रे? त्याने मोबाइलवर जुनी बातमी काढून दाखवली. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने कोंढव्यात बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज पकडले होते. सिमकार्डांनी भरलेल्या पेट्या. परदेशातून इंटरनेटने आलेला कॉल त्यातून स्थानिक कॉल म्हणून सोडायचा. आंतरराष्ट्रीय कॉलचे शुल्क बुडते आणि कॉल कुठून आला त्याचा मागही पुसला जातो. गुन्हा आहे, कारवाई व्हायलाच हवी, यात दुमत नाही. पण मामेभाऊ म्हणाला, "भाई, दुसऱ्याच्या शेडमध्ये अशी पेटी सापडली तर दंड होईल. आपल्या शेडमध्ये सापडली तर आधी चॅनेलवाले येतील." मी त्याला असे काही नसते म्हणणार होतो. म्हणालो नाही. सतराशे साठ नियम वाचण्यापेक्षा परवाना असलेल्या कंपनीकडूनच घ्यायचे, बिल घ्यायचे, केवायसीचा प्रत्येक कागद जपून ठेवायचा, असे त्याने ठरवले. थोडे महाग पडले.

शेवटी जे केले ते असे. जुना नंबर बंद न करता भोसरीतून मामूंच्या पिंपरीतल्या घरी हलवला. मुलूख तोच असल्याने तो हलतो. तिथे तांब्याची तार काढून फायबर आले, नंबर तोच राहिला. खरे तर फायबरवरचा तो लँडलाइन म्हणजेही इंटरनेटचाच फोन, हे मामूंना आम्ही दोन महिन्यांनी सांगितले. कारखान्यासाठी परवानाधारक कंपनीकडून नवा इंटरनेट नंबर घेतला. त्यावर चाकणचे टेबल, हिशोब बघणाऱ्या मुलीचे घर आणि मामेभावाचा मोबाइल हे सगळे इंटरकॉमसारखे जोडले. आणि जुन्या नंबरवर कॉल फॉरवर्ड लावला. जुन्या नंबरवर आलेला फोन चाकणला वाजतो. फॉरवर्डचे पैसे पडतात, पण मामूंनी त्यावर चर्चाच होऊ दिली नाही.

पहिली परीक्षा गुरुवारी झाली. या पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि विजेची दुरुस्तीची कामेही त्याच दिवशी निघतात. सकाळी वीज गेली आणि नवा फोन मुका झाला. मामूंनी विजयी मुद्रेने मुलाकडे पाहिले. ४८ व्होल्टची बॅटरी एक्स्चेंजमध्ये होती तेव्हा तिची काळजी दुसरा कुणी घ्यायचा. आता ती आपली आपण घ्यायची. राउटर, फायबरचा डबा आणि फोन यांच्यासाठी एक छोटा यूपीएस आला. ज्यांनी हा बदल करायचे मनात घेतले आहे त्यांनी फोनच्या आधी यूपीएस घ्यावा, एवढे मामूंच्या वतीने सांगून ठेवतो.

या सगळ्या धावपळीत मला कुदळवाडी आठवत राहिली. चिखलीजवळचा तो भंगार आणि छोट्या कारखान्यांचा पट्टा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने अनधिकृत बांधकामांवर कारवाई केली आणि हजारो शेड काही दिवसांत भुईसपाट झाल्या. कायद्याची बाजू, प्रदूषणाची बाजू, आगींची बाजू, हे सगळे आहे. त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. मी इथे फक्त नंबरांचा विचार करत होतो. तिथून उठून माणसे जमेल तिकडे पांगली. ज्यांचा धंदा मोबाइलवर चालत होता त्यांना गिऱ्हाइकांनी शोधून काढले. गेटवरच्या पाटीवर, पावतीवर ज्यांचा पत्ताच छापलेला होता, त्यांचे काय झाले असेल? भिंतीत शिरणाऱ्या तारेचा एकेकाळी पुरावा होत असे, कारण भिंत हलणार नाही असे सगळ्यांनी धरून ठेवलेले होते.

उलट इंटरनेटच्या नंबराला भिंतच नाही. त्याचे बिल ईमेलने येते. मामी ते लोखंडी पेटीत कसे ठेवणार? मामेभाऊ म्हणतो प्रिंट काढू. मामींनी दोन प्रिंट काढून घेतल्या आहेत.

राहिले माझे काम. मी लिहून नेले होते: "नमस्कार, आपले स्वागत आहे," मग कारखान्याचे नाव, मग एक, दोन, तीन. मराठीत एकदा, हिंदीत एकदा. मामूंच्या कारखान्याचे नाव असे आहे की त्यावरून मालक कोण याचा काहीच पत्ता लागत नाही. त्याच्यापुढे 'इंजिनिअरिंग वर्क्स'. मी सहज म्हणालो, आता सगळे नवे करतोच आहोत, तर नानांचे नाव का नाही द्यायचे? मामू म्हणाले, "पर्चेसच्या टेबलावर आधी जॉब बघावा त्यांनी. नाव नंतर." बत्तीस वर्षे फोनवर त्यांचे "हॅलो, नमस्कार" ऐकून ज्यांनी ऑर्डर दिल्या, त्यांतले बहुतेक नंतर घरी ईदला येऊन गेले आहेत. नाव नंतर कळलेच. आता ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस केली आहे की फोन करणाऱ्याचे नाव समोरच्याच्या पडद्यावर दिसावे. हे मी मामूंना सांगितले. ते हसले. म्हणाले, "कनेक्शन कंपनीच्या नावाने घेतलंय."

रेकॉर्डिंग चार वेळा करावे लागले. पहिल्यांदा मागे लेथचा आवाज आला, दुसऱ्यांदा मी 'स्वागत' म्हणताना वर्गात म्हणतो तसा सूर लागला, तिसऱ्यांदा अजान झाली आणि थांबलो. चौथे ठेवले.

निघायच्या तयारीत होतो तेवढ्यात टेबलावरचा नवा फोन वाजला. जुन्या नंबरवरून फिरून आलेला. मामेभाऊ उचलणार तर मामूंनी हात पुढे केला. पलीकडे आकुर्डीचे कुणी जुने साहेब होते, आवाज मलाही ऐकू येत होता. "काय हो, भोसरीतच ना अजून?"

"नंबर भोसरीचा आहे साहेब, गाळा चाकणला," मामू म्हणाले. "बोला, किती नग?"